पूर येण्याआधीच मदतीचे पैसे वाटावेत का?

काठावरचा

जुलै २०२० मध्ये बांगलादेशात मदतकार्याचा एक वेगळा प्रयोग झाला. आपण सगळे तेव्हा करोनाच्या धास्तीत होतो, त्यामुळे त्याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही. जमुना नदीला (ब्रह्मपुत्रेचा बांगलादेशातील मुख्य प्रवाह) मोठा पूर येणार असा अंदाज जुलैच्या सुरुवातीलाच मिळाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून सुमारे ५२ लाख डॉलर पूर शिगेला पोहोचण्याआधीच मोकळे करण्यात आले. जागतिक अन्न कार्यक्रमाने कुडीग्राम, जामालपूर यांसारख्या जिल्ह्यांतील २३ हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी ४,५०० टाका (बांगलादेशचे चलन) 'बिकाश' या मोबाइल सेवेवरून पाठवले, तर अन्न व कृषी संघटनेने जनावरांसाठी चारा आणि बियाणे कोरडे राहावे म्हणून पिंपे दिली.

यात मला महत्त्वाची वाटते ती निर्णयाची पद्धत. नदीच्या विसर्गाचा अंदाज अमुक शक्यतेच्या वर गेला की तयारी सुरू करायची आणि चार-पाच दिवसांवरच्या अंदाजात पाणी धोक्याच्या पातळीच्या बरेच वर जाणार असे दिसले की पैसे सोडायचे, हे सगळे आधीच ठरलेले होते. नेहमीच्या क्रमात आधी पाहणी होते, मग आवाहन निघते, मग देणगीदार बैठक घेतात, आणि तोवर पूरग्रस्ताने सावकाराचे दार ठोठावलेले असते.

जमुनेच्या पात्रातील वाळूच्या बेटांना तिथे 'चर' म्हणतात. चरावरचे कुटुंब पाणी चढू लागले की खाटेखाली विटा रचते, शेळ्या खाटेवर घेते, आणि तेवढ्यानेही भागेना तर घराचे पत्रे उतरवून नावेत घालते. नावेचे भाडे द्यायला पैसे नसतील तर पत्रे वाहून जातात. पेंढा भिजून कुजला की गाय पोसता येत नाही, आणि अशा वेळी आलेला व्यापारी तिला मातीमोलाने घेऊन जातो. पाण्याआधी हाती आलेले ४,५०० टाका ही गाय वाचवू शकतात. दोन महिन्यांनी आलेल्या तेवढ्याच रकमेत ती परत विकत घेता येत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी या वाटपाचा नंतर अभ्यास केला. पैसे मिळालेल्या कुटुंबांवर पुराच्या काळात अख्खा दिवस उपाशी काढण्याची वेळ येण्याची शक्यता ३६ टक्क्यांनी कमी होती असे त्यात आढळले. पुराची चाहूल आधी लागते अशा नद्यांवर मदत पुरानंतरच देण्याचा आग्रह धरणे हा मला निव्वळ प्रशासकीय आळस वाटतो.

हिशेबनीस

धागालेखकाशी असहमत आहे. पैसे देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही, परंतु एका नदीवर साधलेले गणित साऱ्या देशाला लावण्याची घाई होत आहे.

त्या अभ्यासात पैसे न मिळालेली कुटुंबे चिठ्ठ्या टाकून वेगळी काढलेली नव्हती, त्यामुळे दोन गटांत मुळातच काही फरक असण्याची शक्यता उरते. संशोधकांनी तो भरून काढण्याचा प्रयत्न केला आहे हे मान्य, तरी ३६ टक्के हा आकडा शिलालेख समजू नये.

खरी अडचण भूगोलाची आहे. जमुनेचे पाणी तिबेट, अरुणाचल आणि आसाम असा लांबचा प्रवास करून येते, म्हणून दहा दिवसांची सवड मिळते. ईशान्य बांगलादेशातील सिल्हेट आणि सुनामगंज यांना ती मिळत नाही, कारण त्यांच्या डोक्यावर मेघालयाचा कडा आहे. जून २०२२ मध्ये चेरापुंजीला एका दिवसात ९७२ मिलिमीटर पाऊस पडला आणि ते पाणी पाहता पाहता खालच्या हाओरांत, म्हणजे त्या विस्तीर्ण पाणथळ खोलगटांत, उतरले. लाखो लोक अडकले. तिथे कोणत्या दिवशी कोणता आकडा ओलांडला गेल्यावर पैसे सोडणार होतात?

ऑगस्ट २०२४ मध्ये आग्नेय बांगलादेशातील फेनी जिल्ह्यात याहून वाईट झाले. जिल्ह्यातील बहुतेक मोबाइल मनोरे बंद पडले, त्यामुळे खात्यात पैसे असते तरी काढता आले नसते. त्या दिवसांत ढाका विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांनी पोहे, गूळ, पिण्याचे पाणी आणि औषधे यांचे ढीग गोळा केले आणि ट्रक भरून पाठवले. त्या घटकेला उपयोग नावेचा आणि पोह्यांचा होता.

कृष्णाकाठ

मी शिरोळ तालुक्यातला. २०१९ च्या महापुरात आमच्याकडे सरकारने तातडीची मदत म्हणून पाच हजार रुपये रोख दिले, पण ते पाणी ओसरल्यावर. आधी मिळाले असते तर जनावरे हलवायला ट्रॉलीचे भाडे सुटले असते, हे धागालेखकाचे म्हणणे पटते. मात्र पाणी गावात असताना किराणा दुकानेही पाण्यातच होती, तेव्हा खिशातल्या नोटेचे काय करणार? उलट बाजूही सांगतो. नंतर राज्यभरातून जुन्या कपड्यांचे जे गठ्ठे आले ते शाळेच्या व्हरांड्यात कितीतरी दिवस कुजत पडले होते. वस्तू पाठवणाऱ्यांनी एकदा ते पाहायला हवे होते.

परखड

दोन्ही पक्ष मूळ मुद्दा चुकवत आहेत. ४,५०० टाकांत तेव्हाच्या भावाने साधारण एक क्विंटल जाडा तांदूळ आला असता. तो संपला की कुटुंब पुन्हा त्याच सखल जमिनीवर आणि त्याच पुराच्या तोंडी. ब्रिटिश मदतीवर चाललेल्या चरांच्या उपजीविका कार्यक्रमात मातीचा भराव घालून घरांची जोती ज्ञात महापुराच्या पातळीच्याही दोन फूट वर उचलली गेली. त्या भरावाच्या कामात बेकारीच्या महिन्यांत स्थानिक मजुरांना रोजगार मिळाला आणि पुढच्या पुरांत घर, शेळ्या, चूल सगळे वर राहिले. दरवर्षी रोख वाटण्यापेक्षा एकदा जोते उचलणे स्वस्त पडेल.

काठावरचा

परखड, जोत्याला माझा विरोध नाही, पण चर कायमचा नसतो. जमुना काठ कापत जाते आणि उचललेले जोते चरासकट गिळते. अशा कुटुंबांना आयुष्यात कितीतरी वेळा घर हलवावे लागते. त्यांच्याबरोबर पैसा हलतो, भराव हलत नाही. शिवाय जोते बांधायला वर्षे लागतात आणि तोपर्यंतचे पावसाळे काही थांबत नाहीत.

हिशेबनीस यांचा सिल्हेट-फेनीचा मुद्दा खोडता येत नाही. परंतु सिल्हेटला जमत नाही म्हणून कुडीग्रामलाही करू नये, हे कोणते तर्कशास्त्र? आणि बांगलादेशातला १९७४ चा दुष्काळ आठवावा. त्या वर्षी पुरानंतर माणसे मेली तेव्हा देशातील धान्याची एकूण उपलब्धता काही आधीच्या वर्षांपेक्षा कमी नव्हती, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. शेतमजुरांची कामे बुडाली होती आणि तांदूळ त्यांच्या ऐपतीबाहेर गेला होता. पुरात उपासमार होते ती पुष्कळदा हातात पैसा नसल्याने, आणि म्हणूनच रोख रक्कम हे उत्तर आहे.

हिशेबनीस

१९७४ चा दाखला तुमच्यावरच उलटतो. त्या वर्षी भाव असे भडकले की ठरावीक रक्कम हाती असती तरी दर आठवड्याला तिची किंमत घटत गेली असती. १९९८ चा पूर त्याहून मोठा होता, देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग पाण्याखाली गेला आणि पाणी दोन महिन्यांहून अधिक काळ राहिले. तरीही दुष्काळ पडला नाही, याचे एक मोठे कारण असे की खासगी व्यापाऱ्यांना आयातीची मोकळीक होती आणि त्यांनी भारतातून तांदूळ आणून भाव आटोक्यात ठेवले. सरकारी धान्यवाटपही जोडीला होतेच. म्हणजे रोख मदतीमागे उघडी सीमा आणि भरलेली बाजारपेठ लागते. भारताने जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली होती. अशा वर्षी जमुनेला १९९८ सारखा पूर आला, तर फोनवर आलेले ४,५०० टाका बाजारात किती दिवस पुरतील? धान्याची सरकारी गोदामे ही जुनाट सवय नाही.

आणखी एक. मोबाइल खाते असणे ही मदतीची अट झाली की ज्या विधवेकडे फोन नाही किंवा ज्या बाईचे खाते नवऱ्याच्या सिमवर आहे, ती आपोआप यादीबाहेर जाते. पूर चार दिवसांवर आला असताना खाती उघडत बसता येत नाही. नोंदणी चैत्र-वैशाखात, नदी कोरडी असतानाच व्हावी, फोन नसेल तिथे युनियन परिषदेमार्फत (तिथली ग्रामपंचायतीसारखी स्थानिक संस्था) टोकन द्यावे, आणि पूर्वेकडील जिल्ह्यांत पैशाऐवजी नावा व कोरडे अन्न आधीच नेऊन ठेवावे. एवढे होणार असेल तर माझा विरोध संपला.

काठावरचा

नोंदणी आणि टोकन दोन्ही मान्य. सीमेचा मुद्दाही मान्य, आणि त्यावर ढाक्याइतकाच दिल्लीलाही जाब विचारला पाहिजे. मात्र पूर्वेकडील नावांचा आणि गोदामांचा खर्च जमुनेसाठी राखलेल्या निधीतून काढायचा असेल, तर मी विरोधात आहे. अंदाज खरा ठरला तर दहा दिवसांत खर्च व्हायचा तो पैसा आहे; तो गोदामांच्या भिंतींत अडकवला, तर पुढच्या जुलैत कुडीग्रामला पुन्हा पाहणी आणि आवाहन यांचीच वाट पाहावी लागेल.