रत्नागिरीत खिसा सांभाळून ताजी मासोळी कशी खावी?

वैनगंगाकाठ (पवनी तालुका):
राम राम मंडळी. मुलगी रत्नागिरीत नोकरीला लागली. दिवाळीनंतर मी, आमची मंडळी, मुलगा आणि आई असे चौघं तिच्याकडे जातोय. आम्ही धानवाले, पण मासोळीचे पक्के. मरळ, वाम, झिंगे, तलावातले रोहू-कतला यांत मला कोणी फसवू शकत नाही. ढिवरभाऊ टोपली उतरवतो, मी गलफडं उघडून पाहतो, लालभडक दिसली की घेतो. समुद्राच्या मासोळीत मात्र मी अडाणी.

मागं लग्नाला मुंबईला गेलो तेव्हा एका हॉटेलात पापलेट मागवलं. कार्डावर भावाच्या जागी 'साइजप्रमाणे' लिहिलेलं. बिल आलं तं एकट्या पापलेटचे 850 रुपये! चव म्हणाल तर भिजवलेला कापूस. आई अजून ऐकवते, "साडेआठशेत तं अख्ख्या मोहल्ल्यानं मरळ खाल्ली असती."

आता सांगा, मसाला फासून तव्यावर पडल्यावर गलफडं कुठून पाहायची? आणि चौघांचं जेवण हजारात बसेल का?

देवगडची सून (माहेर तुमसर):
दादा, आधी पापलेट-सुरमईचा नाद सोडा. ती सगळ्यांनाच हवी असते, बाहेर देशातही जाते, मग भाव चढणारच. तुम्ही बांगडा खा. सौंदाळे, तारली दिसली तर तीही. मांदेली कडक तळलेली असली की काट्यासकट जाते.

आत गेल्यावर कार्ड मागू नका, "आज काय आलंय?" एवढंच विचारा. पोऱ्यानं दोन-तीन नावं घेतली तर बसा. बारा महिने अठरा प्रकार मिळतात तिथं फ्रीजर मोठा असतो. सुटा मासा मागवण्यापेक्षा थाळी बरी: तळलेला मासा, कालवण, भाकरी, भात, सोलकढी, आणि भाव आधीच कळतो. 'साइजप्रमाणे' म्हणाले तर मसाला लावायच्या आधी मासा ताटलीत आणून दाखवा म्हणायचं. दाखवतात हो, लाजायचं काय त्यात! तेव्हाच बघून घ्या तुमची गलफडं. इकडे त्यांना कल्ले म्हणतात.

गोंदियाचा मास्तर:
मुलीच्या खोलीवर गॅस असेल तर सरळ मिरकरवाडा बंदर गाठा. बारीक मासळीचे वाटे लावून बायका बसलेल्या असतात. पहिला भाव ऐकून लगेच पैसे काढू नका. जून-जुलैत गेला असता तर फसला असता. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. दिवाळीनंतर काळजी नाही.

औषधवाला, हिंगणघाट:
एक धोक्याचं सांगतो. बांगडा, तारली, कुपा ही मासळी बर्फाविना पडून राहिली की तिच्यात हिस्टामिन तयार होतं. तळून, उकळून ते जात नाही. जिभेला मिऱ्यासारखी चुणचुण लागली तर ताट सरकवा. नाहीतर तासाभरात चेहरा लाल, अंगावर गांध्या. लोक म्हणतात मासोळीची अ‍ॅलर्जी आहे. बऱ्याचदा मासोळीच शिळी असते.

वैनगंगाकाठ:
जाऊन आलो. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत सहा बाकड्यांची खानावळ होती. "आज काय आलंय?" म्हटलं तं काकू म्हणाल्या, "बांगडो नि मांदेली, दुसरा काय नाय." बसलो. बांगडा अख्खा, तीन चिरा पाडलेला, वर रवा. काटा मधल्या मधे सरळ निघून आला. रोहूसारखं घासागणिक बोटं तोंडात घालायचं काम नाही. मुलगी धरून पाच थाळ्या, 1000 रुपये.

कालवणात हिरवट-काळी बोंडं होती. मी एक चावलं आन् जीभ अशी बधिर झाली, की औषधवाल्या भाऊंची आठवण येऊन घामच फुटला! काकू हसून लोटपोट. म्हणाल्या, ते तिरफळ, वासापुरतं असतं, बाजूला काढायचं. आईनं सोलकढी सरबत समजून घोटभर घेतली, लसूण लागल्यावर माझ्याकडे पाहिलं, मग दुसरी वाटी मागितली.

येताना पावभर तिरफळं आणली आहेत. आई विचारते, वैनगंगेच्या वामीत चालतील का? कोणी करून पाहिलं असेल तर सांगा, रविवारी वाम मिळणार आहे.