मेलच्या वाटेत ॲपचा सर्व्हर: परवानगी असावी का?

प्रश्न
एका ॲपला प्रत्येक मेलवर पाठवणाऱ्याची माहिती दाखवायची आहे. त्यासाठी ते आयफोनवर एक प्रोफाइल (फोनच्या सेटिंग्ज बदलणारी फाइल) टाकायला लावतं. ते टाकलं की इनकमिंग सर्व्हरच्या (फोन जिथून मेल घेतो त्याच्या) जागी ॲपवाल्यांचाच सर्व्हर येतो. वापरकर्त्याने 'हो' म्हटलं, एवढं पुरेसं मानावं का?

प्रतिसाद १
अजिबात नाही. २०१३ मध्ये लिंक्डइनने 'इंट्रो' नावाने नेमकं हेच केलं होतं. फोन आणि मूळ सर्व्हर यांच्यामध्ये त्यांचा आयमॅप प्रॉक्सी (मेल आणून देणारा मधला सर्व्हर) असे आणि तो जाता जाता मेलमध्ये माहितीची पट्टी घाली. सुरक्षातज्ज्ञांनी कडाडून टीका केली, २०१४ मध्ये ते बंद झालं.

अशा रचनेत टीएलएसचे (वाटेत मजकूर कुलूपबंद ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनचे) दोन तुकडे होतात: फोन ते प्रॉक्सी आणि प्रॉक्सी ते सर्व्हर. मधल्या ठिकाणी मजकूर उघडा असतो. एस/माइमने (मेलवर डिजिटल सही करायच्या पद्धतीने) सही केलेल्या मेलमध्ये एक अक्षर बदललं तरी सही अवैध ठरते. आणि पासवर्ड रीसेटच्या लिंक मेलवरच येतात, म्हणजे तो एक प्रॉक्सी फुटला की बाकीची खातीही उघडी पडतात. शिवाय ज्याने मेल पाठवला त्याला कोणी विचारलेलंच नसतं!

प्रतिसाद २
प्रॉक्सीबद्दल सहमत, पण सरसकट बंदी नको. स्पॅम फिल्टरही मेल वाचतोच. प्रश्न आहे किती वाचू द्यायचं याचा. पाठवणारा ओळखायला 'फ्रॉम' हेडर (मेलच्या वरची पाठवणाऱ्याची ओळ) पुरतो, आणि जीमेलच्या एपीआयमध्ये (ॲपना मेलपर्यंत पोहोचायच्या अधिकृत मार्गात) मजकूर न देता फक्त हेडर व लेबलं दाखवणारी वेगळी परवानगी आहे. ॲप त्याऐवजी 'मेल वाचणे, पाठवणे, कायमचे हटवणे' मागत असेल तर नकार द्या. १६ अक्षरी ॲप पासवर्ड (मुख्य पासवर्डऐवजी ॲपला द्यायचा वेगळा पासवर्ड) तर देऊच नका, त्याला अशा मर्यादा घालता येत नाहीत. पूर्ण मेलबॉक्स हातात जातो.

प्रतिसाद ३
आधीच टाकलं असेल तर: सेटिंग्ज, जनरल, व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये जाऊन प्रोफाइल काढा. त्यासोबत ते मेल खातंही फोनवरून जातं, ते नव्याने जोडा आणि इनकमिंग सर्व्हरचं नाव तपासा. नुसतं ॲप उडवून भागत नाही, कारण टोकन (ॲपला मिळालेली प्रवेशाची किल्ली) त्यांच्या सर्व्हरवर चालूच राहतं. म्हणून गूगल खात्यातल्या थर्ड-पार्टी जोडण्यांमधूनही ते काढा. ॲप पासवर्ड दिला असेल तर तो रद्द करा. फॉरवर्डिंग आणि फिल्टर शेवटी जरूर बघा. तिथे परका पत्ता राहिला तर पासवर्ड बदलूनही मेल त्याच्याकडे जातच राहतात.