मदत हवी: लाइट गेली की चेंबरचा रेकॉर्डर सेटिंग विसरतो

रावेर_चेंबर:
केळी पिकवायच्या चेंबरला तापमान नोंदणारा ८ चॅनेलचा डेटा रेकॉर्डर आहे, एका चॅनेलला एक सेन्सर. लाइट येऊन सुरू झाला की सेल्फ टेस्ट पूर्ण पास होते आणि लगेच 'कॉन्फिग एरर, डिफॉल्ट लोडेड' येतं. मग सगळे चॅनेल काहीच्या काही आकडे दाखवतात. मेमरी कार्डात सेटिंगची फाइल आहे, आतला बटन सेल नवा आहे. उद्या सकाळी माल भरायचाय, लवकर सांगा.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट:
सेन्सर कोणते? लाइट किती वेळ गेल्यावर होतं? सुरू झाल्यावर तारीख काय असते? हे कळल्याशिवाय सगळं अंदाजपंचे दाहोदर्से.

धुळे_पॅनलवाला:
यूपीएस लावा, विषय संपला. रेकॉर्डर खातो किती, १०-१५ वॅट.

रावेर_चेंबर:
यूपीएस विचारला नाही भो. सेन्सर पीटी-१०० (तापमानाप्रमाणे ओहम बदलणारे), तीन वायरी. पाच-दहा मिनिटं लाइट गेली तर काही होत नाही, रात्रभर गेली की सकाळी हे. तारीख ०१/०१/२००० येते, ती मी हातानं लावतो. तिचा काय संबंध?

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट:
सगळा संबंध तिथंच आहे! अशा रेकॉर्डरमध्ये घड्याळ आणि चालू सेटिंगची रॅम एकाच सेलवर असते. पाच-दहा मिनिटं बोर्डावरचा कपॅसिटर सांभाळतो, पुढे सेलनं सांभाळायचं. तो सांभाळत नाही. सेल बाहेर काढून मोजू नका. रेकॉर्डर बंद करा, सेल जागेवर ठेवा आणि होल्डरचे पाय बोर्डाला जिथं सोल्डर केलेत तिथं मीटर लावा. ३ व्होल्टच्या आसपास हवेत.

चाळीसगाव_फर्मवेअर:
सेल नवा आहे म्हणताहेत ना! माझं मत कार्डावर. रॅममधल्या सेटिंगचा चेकसम (मजकूर शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) चुकला तर रेकॉर्डर कार्डातली फाइल बघतो. तीही पटली नाही तरच फॅक्टरी डिफॉल्टवर जातो. म्हणजे फाइल नापास होतेय. कार्ड किती जीबीचं? ६४ चं असेल तर ते एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येतं, जुन्या रेकॉर्डरला ते वाचता येत नाही. ३२ किंवा त्याखालचं घ्या, फॅट-३२ फॉरमॅट करा. आणि फाइलला हात लावलाय का?

रावेर_चेंबर:
कार्ड १६ चं. फाइलला हात नाही लावला, फक्त नोटपॅडमध्ये उघडून इंटरव्हल १० चा १ केला.

चाळीसगाव_फर्मवेअर:
'फक्त'! शेवटच्या ओळीत सीआरसी, म्हणजे तसाच तपासणीचा आकडा, लिहिलेला असेल बघा. तो आख्ख्या फाइलवरून काढलेला असतो, एक आकडा बदलला की जुळत नाही. तो हातानं दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. इंटरव्हल रेकॉर्डरच्या मेनूतून बदला आणि 'सेव्ह टू कार्ड' करा, सीआरसी तोच लिहील.

धुळे_पॅनलवाला:
सेलचा वैताग नको तर एलआयआर-२०३२ टाका, चार्जिंगवाला.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट:
कृपा करून टाकू नका. तो पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो, बोर्डाची सोय सीआर-२०३२ च्या ३ व्होल्टची. शिवाय चार्ज कोण करणार त्याला?

धुळे_पॅनलवाला:
बरं. पण सेल बदलताना लाइट चालू ठेवा, म्हणजे सेटिंग जात नाही.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट:
शेजारी एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) २३० व्होल्टचा भाग उघडा असतो, म्हणून नाही. आधी कार्डावर सेव्ह करा, मग मेन बंद. सेल धातूच्या चिमट्यानं धरू नका, दोन्ही बाजू शॉर्ट होतात.

शिरपूर_आबा:
पिकवायला इथिलीन गॅस किती पीपीएम सोडता? आमच्याकडे १०० ला २४ तास.

रावेर_चेंबर:
आबा, नंतर. मोजलं. सेल बाहेर ३.०५, होल्डरच्या पायांवर ०.६! वरची पत्ती सेलला टेकतच नव्हती, खाली हिरवा थर. खरवडून आयपीए अल्कोहोलनं पुसली, थोडी वाकवली, आता ३.०४. पण मग सेल्फ टेस्ट पास कशी होत होती?

चाळीसगाव_फर्मवेअर:
त्या टेस्टमध्ये रॅम लिहिता-वाचता येते का, फ्लॅशमधला प्रोग्राम शाबूत आहे का, एडीसीचा (सेन्सरचा सिग्नल आकड्यात बदलणारा भाग) रेफरन्स बरोबर आहे का एवढंच बघतात. रॅम ठणठणीत होती, आतला मजकूर उडाला होता. डिफॉल्टमध्ये चॅनेल के टाइपवर (थर्मोकपल, वेगळ्याच जातीचा सेन्सर) जात असतील, पीटी-१०० ला के टाइप समजून वाचलं की आकडे वेडेच येणार.

भुसावळ_इन्स्ट्रुमेंट:
आता सेटिंग कशी आहे? प्रत्येक चॅनेलचा प्रकार पीटी-१००, तीन वायर. तरी आकडा पटला नाही तर त्या सेन्सरच्या वायरी सोडून ओहम मोजा: १६ अंशांना १०६.२ च्या आसपास, आणि एकाच रंगाच्या दोन वायरींमध्ये जवळपास शून्य. तपासणीसाठी दहा मिनिटं बंद ठेवून समाधान मानू नका, तेवढं कपॅसिटर एकटाच काढतो. दुपारी माल नाही तर ४-५ तास बंद ठेवा. आणि अलार्म बघा, डिफॉल्टमध्ये बहुधा ऑफ असतो. १३ अंशांखाली गेलं की साल काळपट पडते आणि कुणाला कळत नाही.

रावेर_चेंबर:
अलार्म आठही चॅनेलला ऑफ होता. खालचा १३.५ लावून कार्डावर सेव्ह केलं. साडेचार तास बंद ठेवून सुरू केला: तारीख बरोबर, एरर नाही. चॅनेल ६ एकटा अर्धा अंश जास्त दाखवतोय, त्याच्या वायरी आता सोडतो.

शिरपूर_आबा:
मग इथिलीनचं?