प्रॉक्सी टाळून एसएसएच टनेल वापरल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस: उत्तर कसे द्यावे?

मिहानमधला टीम लीड

नमस्कार. मिहानमधील एका कंपनीत मी टीम लीड आहे. माझ्या टीममधील एका तरुण सहकाऱ्याला माहिती सुरक्षा विभागाने कारणे दाखवा नोटीस दिली असून त्याचा लॅपटॉपही ताब्यात घेतला आहे. कामासाठी लागणारी एक ओपन सोर्स लायब्ररी (सर्वांना खुला असलेला तयार कोड) ज्या संकेतस्थळावर होती ते कंपनीच्या प्रॉक्सीने, म्हणजे इंटरनेट वाहतूक गाळणाऱ्या मधल्या सर्व्हरने, अडवलेले असल्यामुळे, त्याने मनीषनगरातील आपल्या घरच्या संगणकापर्यंत ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून (एरवी सुरक्षित संकेतस्थळांसाठी वापरल्या जाणाऱ्या) एसएसएच टनेल, म्हणजे दूरच्या संगणकापर्यंतचा एन्क्रिप्टेड (कूटबद्ध) मार्ग, उघडला आणि ब्राउझरची सगळी वाहतूक त्यातून वळवली. कंपनीची कोणतीही माहिती बाहेर नेली नाही असे तो सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. सगळे एन्क्रिप्टेड असताना हे कळले कसे, आणि उत्तरात काय लिहावे? नोटिशीत माहिती तंत्रज्ञान कायद्याचा उल्लेख असल्यामुळे त्याचे आईवडील फार धास्तावले आहेत.

परसोडी नेटवर्क

मी अनेक वर्षे फायरवॉल सांभाळतो, म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. एसएसएचची जोडणी सुरू होताना, एन्क्रिप्शन लागू होण्याआधीच, दोन्ही बाजू आपली आवृत्ती साध्या अक्षरांत एकमेकींना कळवतात. ४४३ वर टीएलएसची, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांच्या एन्क्रिप्शनची, सुरुवात अपेक्षित असते. तिथे एसएसएचची ओळख दिसली की आजचा कोणताही बरा फायरवॉल पोर्टचा क्रमांक न पाहता प्रोटोकॉल ओळखतो. शिवाय घरगुती ब्रॉडबँडच्या पत्त्याशी तासन्‌तास उघडी राहिलेली जोडणी नोंदींमध्ये सहज उठून दिसते, आणि लॅपटॉपवरील सुरक्षा सॉफ्टवेअरने चालवलेली आज्ञा तिच्या पर्यायांसह टिपून ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

आता गांभीर्य कशात आहे ते सांगतो, कारण उत्तराची सगळी भिस्त त्यावर आहे. टनेलमधून काय गेले हे आम्हाला दिसत नाही, फक्त किती गेले ते दिसते. एसएसएचमध्ये ‘डी’ हा पर्याय दिला तर आपल्या लॅपटॉपवर सॉक्स प्रॉक्सी (ब्राउझरची वाहतूक टनेलमध्ये वळवणारी सोय) सुरू होते आणि वाहतूक बाहेर जाते. ‘आर’ हा पर्याय दिला तर मात्र घरच्या संगणकावरून कंपनीच्या अंतर्गत सर्व्हरपर्यंत येण्याची वाट उघडू शकते. घरचा संगणक कोण वापरतो, त्यावर काय बसवलेले आहे, याची कंपनीला काहीच माहिती नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, त्यामुळे हेतू निर्मळ होता का याची चौकशी होईपर्यंत सुरक्षा अधिकारी हातावर हात ठेवून बसू शकत नाही. लॅपटॉप ताब्यात घेणे हे त्याचे कर्तव्यच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून सहकाऱ्याने कोणता पर्याय वापरला ते उत्तरात नेमके लिहावे आणि घरच्या संगणकावरील एसएसएचच्या नोंदी जशाच्या तशा जपाव्यात. त्यांतली एक ओळही पुसली, तर आज जो नियमभंग आहे तो पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न ठरेल.

सिव्हिल लाइन्स वकील

कायद्यापुरते सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणक किंवा नेटवर्कमध्ये केलेल्या कृत्यांबद्दल भरपाईची तरतूद आहे. कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, परंतु त्यासाठी तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेले असावे लागते. लायब्ररी मिळवण्यापलीकडे काही घडले नसेल तर हे सिद्ध करणे सोपे नाही, हे आईवडिलांना जरूर सांगा. नोकरीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तो नेमणुकीच्या अटी आणि त्याने सही केलेले सुरक्षा धोरण यांवर ठरेल. त्या धोरणाची आणि ज्या नोंदींवर आरोप आधारलेला आहे त्यांची प्रत त्याने लेखी मागावी, आणि कोणी राजीनाम्याचा तयार मसुदा पुढे केला तर त्याच बैठकीत सही करू नये.

मिहानमधला टीम लीड

दोघांचेही मनापासून आभार. त्याने ‘डी’ हाच पर्याय वापरला होता. ते संकेतस्थळ खुले करावे म्हणून त्याने आधी हेल्पडेस्ककडे विनंतीही नोंदवली होती आणि ती अनुत्तरित होती. ही गोष्ट उत्तरात लिहिली तर ती सबब वाटेल का?

परसोडी नेटवर्क

अवश्य लिहा, पण क्रम सांभाळा. आधी कृतीची स्पष्ट कबुली, मग तांत्रिक तपशील आणि त्यानंतर विनंतीचा क्रमांक व तारीख. विनंती पडून राहणे ही हेल्पडेस्कची चूक आहे. तिच्यामुळे टनेल क्षम्य ठरत नाही, तरी शिक्षा ठरवणाऱ्याला ती माहीत असलीच पाहिजे. लायब्ररी कामासाठी खरोखर आवश्यक होती हे टीम लीड म्हणून आपण स्वतंत्र पत्रात लिहून द्यावे, आणि अशा लायब्रऱ्या तपासून ठेवणारे अंतर्गत रिपॉझिटरी (कोडचे भांडार) सुरू करण्याची मागणी त्याच पत्रात न घालता, चौकशी संपल्यावर वेगळी करावी.