धरणाआधीची कोयना : पोहणं, मासे, जत्रा... घरातले किस्से सांगा

कोयनेचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या फाट्यांवरच वळते. धरणात किती टीएमसी झालं, १९६७ चा भूकंप, नाहीतर पुनर्वसनाची रखडलेली फाईल. तिन्ही विषय मोठे आहेत, त्यावर बोलूच नये असं माझं म्हणणं नाही. पण पाणी चढायच्या आधी त्या खोऱ्यातली माणसं काही बुडायची वाट बघत बसली नव्हती. ती पोहत होती, खेकडे धरत होती, जत्रेत रात्रभर भेदिक (सवाल-जवाबाची शाहिरी) ऐकून सकाळी डुलक्या खात नांगर धरत होती. ते कोणी लिहीतच नाही. आणि ज्यांनी पाहिलं ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

नवीन लोकांसाठी थोडा भूगोल. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, पण इतर नद्यांसारखी लगेच पूर्वेला वळत नाही. सह्याद्रीची मुख्य धार उजवीकडे, बामणोलीची रांग डावीकडे, आणि मधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून ती साठेक किलोमीटर सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकला वळण घेते, पाटणवरून कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाजवळच साठच्या दशकात १०३ मीटर उंचीचं धरण झालं आणि पाणी मागे पार तापोळ्यापर्यंत तुंबलं. सोळशी आणि कांदाटी या नद्यांची तोंडंही त्यातच गेली. आज आपण ज्याला शिवसागर म्हणतो त्याच्या तळाशी वाहती नदी होती. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून ओलांडता येईल अशी.

नियम एकच : आधी नदी, मग धरण. ऐकीव असेल तर कोणाकडून ऐकलं तेही लिहा.

सुरुवात मी करतो. आमची आजी जावळीकडची. ती सांगायची, होळीनंतर नदीची धार बारीक व्हायची आणि डोह सुटे पडायचे. मग डोहांची वाटणी. सगळ्यात वरचा प्यायच्या पाण्याचा, त्याच्याखाली बायकांचं धुणं, त्याच्याखाली गुरं. पोरांना मोकळीक फक्त गुरांच्या डोहात. म्हशी पाण्यात बसल्या की पोरं त्यांच्या पाठीवर उभी राहून सूर मारायची. आजीला पोहायला तिच्या थोरल्या भावाने शिकवलं, पाठीला सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून. भोपळा फुटला की आपोआप पोहायला येतं, असं तिचं म्हणणं. लग्न झालं आणि पोहणं बंद. सासरसुद्धा नदीकाठीच होतं, पण सुनेने डोहात उडी मारायची नसते.

मूळ गाव तापोळ्याजवळ, सध्या घणसोली

वडील शेजारी बसून सांगताहेत, मी फक्त टाईप करतोय. त्यांचंच बोलणं ठेवतो.

"मिरगाचा पाऊस लागला की वढ्याला तांबडं पाणी यायचं. त्या राती कोण झोपतंय? मासं चढणीला लागायचं. नदीतनं वढ्यात, वढ्यातनं भाताच्या खाचरात. अंडी घालाया. बांधावरनं पाणी पडतंय तितं आडवं हुबं ऱ्हायचं, कामट्यांचा सापळा तोंडाला लावायचा आन गप बसायचं. बोलायचं न्हाय. मळं, खवली, कधी वांब. वांब हातात ऱ्हातीय व्हय? राखंत हात बुडवून धरायची. डोक्यावर इरलं, हातात टेंभा, पायाला जळवा. म्हातारा म्हनायचा, पोटुशी मासळी सोडून द्या रं. पोरं ऐकत न्हवती, पन त्यो बगत आसला तर सोडायची."

मी विचारलं, घरी रागवायचे नाहीत का? तर म्हणाले, "घरचीच पुढं आसायची."

वडील पुढे मुंबईला गोदीत गेले, मग माथाडीत. आमच्या खोऱ्यातल्या घरोघरचा एक तरी माणूस त्याच वाटेने गेला. पण अजूनही जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ते खिडकीत जातात आणि म्हणतात, आज चढले असतील.

बामणोली परिसर

आमचे आजोबा कोकणात उतरायचे. खोऱ्याच्या पश्चिमेची धार ओलांडली की खाली थेट खेड-चिपळूणचा मुलूख. वरून तूप, मध, हिरडा न्यायचा आणि येताना मीठ, सुकट, नारळ. डोक्यावर ओझं आणि पायात काही नाही. आता मजा ती काय, असं वाटेल. पण हे लोक टोळीने जायचे आणि मुक्कामाच्या देवळात रात्री भजनाची बारी लागायची. वरच्या गावची टोळी आणि खालच्या गावची टोळी. हरणाऱ्याने सकाळी जिंकणाऱ्याचं मिठाचं ओझं पहिल्या टप्प्यापर्यंत वाहायचं. म्हणून आजोबा अभंग पाठ करायचे. भक्तीबिक्ती नंतरची.

महाशिवरात्रीला नागेश्वरच्या गुहेपाशी कोकणातले लोक चोरवण्याच्या बाजूने चढून यायचे, आपले इकडून जायचे. तिथे सोयरिकी जुळायच्या.

एक गोष्ट लिहू की नको असं वाटत होतं. उन्हाळ्याच्या अखेरीला डोह आटत आले की गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकायचे. मासे गुंगून वर यायचे आणि सगळा गाव टोपल्या घेऊन डोहात. गावजेवणच ते. पण त्यात पिल्लंसुद्धा जायची. जुनं ते सगळं शहाणपणाचं होतं, असं म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

मूळ गाव पाटण तालुका, सध्या पनवेलजवळ

वरचं सगळं वाचलं. छान आहे, पण ही सगळी मौज पुरुषांची आणि पोरांची. माझी आई याच खोऱ्यातली. तिला नदी म्हटलं की आठवतो तो श्रावणातला पूर. पलीकडच्या वाडीतल्या बाळंतिणीला झोळीत घालून साकवावरून आणताना मधली फळी निखळली होती. झोळीच्या मागच्या टोकाला माझी आजी होती. बाळंतीण वाचली, पण त्यानंतर आजी पावसाळ्यात साकवाच्या पलीकडे कधी गेली नाही. माहेर पलीकडेच होतं. चार महिने तिला तिच्या आईची खबर फक्त हाका मारून कळायची, तीही पाण्याचा आवाज कमी असेल तेव्हा.

तरी विचारलंच आहे तर एक सांगते. गौरी. गौर नदीवरूनच आणायची. तेरड्याची रोपं मुळासकट उपटायची, पाच खडे पाण्यातून उचलायचे, तांब्यात नदीचं पाणी घ्यायचं आणि तोंडाने एक शब्द न बोलता घरापर्यंत यायचं. न बोलण्याचं कारण धार्मिक, पण पोरी एकमेकींना हसवायचा इतका प्रयत्न करायच्या की घरी पोचेपर्यंत निम्म्या बायकांचा नियम मोडलेला असायचा. रात्री झिम्मा, फुगड्या, पहाटेपर्यंत. वर्षातून त्या दोनच रात्री अशा की सासू पाणी आणायला उठवत नसे.

आमचं पुनर्वसन रायगडमध्ये झालं. पहिल्या वर्षी गौर कुठून आणायची यावरून बायकांची बैठक बसली. शेवटी वस्तीच्या सार्वजनिक नळावरून आणली. आई म्हणते, नळाला त्या दिवशी पाणीसुद्धा वेळेवर आलं नाही, सगळ्या जणी तोंड मिटून ताटकळत उभ्या!

धागाकर्ता

ताई, बरोबर आहे तुमचं. आजीच्या पोहण्याचं मी लिहिलं, पण ते थांबल्यावर तिला कसं वाटलं हे मी कधी विचारलंच नाही. बाकीच्यांनीही घरातल्या बायकांना विचारून लिहा.

कोयनानगर

माझा जन्म धरणाच्या कामावरच्या वसाहतीतला, त्यामुळे नदी मी पाहिलीच नाही, भिंतच पाहिली. तरी लिहितो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. तेव्हा मी पहिलीत. मोठ्यांवर काय गुजरलं ते सगळ्यांना माहीत आहे. पण धक्के पुढे कितीतरी दिवस येत होते म्हणून सगळे उघड्यावर, गवताच्या खोपीत राहायला गेले आणि आम्हा पोरांना ते दिवस सुट्टीसारखे गेले. शाळा नाही. थंडी मरणाची, म्हणून रात्री शेकोटी आणि शेकोटीभोवती ओरिसा, केरळ, आंध्र कुठकुठून आलेले कामगार आपापली गाणी म्हणायचे. कळायचं काहीच नाही. धक्का आला की गाणं थांबायचं, जमीन थांबली की पुढची ओळ. आईला हे सांगितलं की ती अजून चिडते. तिच्या दोन मैत्रिणी गेल्या त्या रात्री.

सांगली

आमच्याकडे डोंगर नाही, पण कोयनेतून पाणी सोडलं की ते कराडवरून आमच्याच दारात येतं, तेव्हा हक्काने लिहितो. भोपळ्यांची सांगड आमच्याकडेही होती, नंतर भोपळ्याच्या जागी पत्र्याचे डबे आले. आणि आयर्विन पुलावरून पुरात उडी! १९२९ चा पूल. पाणी जितकं चढेल तितकी उडीची उंची कमी, म्हणून भित्रे लोक पूर वाढायची वाट बघायचे. मी त्यातलाच. २००५ आणि २०१९ नंतर मात्र पुराकडे गंमत म्हणून बघवत नाही.

पुणे

वासोटा किल्ल्यावर नव्वदच्या दशकात जायचो. बामणोलीतून वनखात्याचा परवाना, मग लाँच. पायथ्याच्या मेट इंदवलीत घरांची जोती झाडीत दिसायची. आमच्यातला एक जण एका जोत्यावर पाय सोडून डबा खात बसला होता. बरोबरचा नावाडी शांतपणे म्हणाला, "पलीकडं बसा, हितं चूल होती." बाकी काही लिहीत नाही.

बामणोली परिसर (वरचाच)

आजोबांचा एक ताजा किस्सा राहिला. १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. त्यामुळे आतल्या भागात मासेमारी, लाकूड, मध सगळ्यावर बंधनं आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या गाळपेर जमिनीत थोडं पिकतं तेवढं आमचं. २०२४ ला मुनावळ्याला जलपर्यटन सुरू झालं, तेव्हा आजोबांना मुद्दाम दाखवायला नेलं. स्कूटरसारखं काहीतरी पाण्यावर फर्र करून जातंय, त्यावर जाकीट घातलेला माणूस किंचाळतोय. आजोबांनी तिकीट विचारलं. ऐकल्यावर बराच वेळ हिशोब केला आणि म्हणाले, "येवढ्यात म्हस यायची. तिच्यावर हुबा ऱ्हायला असता की."

मूळ गाव तापोळ्याजवळ, सध्या घणसोली (वरचाच)

खेकड्यांचं राहिलं म्हणून वडील पुन्हा बसलेत. कालवण कसं करायचं ते आईने सांगितलंय, लिहून ठेवा. मोठ्या नांग्या बाजूला काढायच्या. बारीक पाय पाट्यावर वरवंट्याने ठेचायचे, पाण्यात कालवून फडक्याने गाळून घ्यायचे. कालवणाची सगळी चव त्या गढूळ पाण्यात, ते फेकणाऱ्याला घरात घेऊ नये. कांदा-खोबरं चुलीत भाजून वाटायचं, आलं-लसूण, घरचा चटणीमसाला, आणि ते गाळलेलं पाणी सगळ्यात शेवटी, हलवत हलवत, नाहीतर फुटतं. बरोबर नाचणीची भाकरी. मिक्सरमध्ये पाय फिरवले तर चालतील का, असं बायकोने विचारलं. आई म्हणाली चालतील, फक्त मला सांगू नका.