गालाच्या स्नायूतील शिरांची विकृती: इंजेक्शन की शस्त्रक्रिया?

प्रश्न
माझ्या १९ वर्षांच्या मुलाच्या गालात, जबड्याच्या कोनाजवळ, लहानपणापासून मऊ फुगवटा आहे. तो खाली वाकला किंवा त्याने दात आवळले की फुगवटा ठळक दिसतो. पूर्वी हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) सांगितले होते. आता एमआरआयमध्ये मॅसेटर या चावण्याच्या स्नायूतील व्हीनस मालफॉर्मेशन, म्हणजे शिरांची विकृती निघाली असून स्क्लेरोथेरपी, म्हणजे इंजेक्शनने शिरा आक्रसवण्याचा उपचार सुचवला आहे. त्यापेक्षा गाठ एकदाच कापून काढणे बरे नव्हे का? इंजेक्शनने चेहरा वाकडा होण्याची भीतीही वाटते.

प्रतिसाद १
ताई, मी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे सोनोग्राफी-एक्स-रेवर पाहत सुईने उपचार करणारी डॉक्टरी शाखा, त्यात काम करतो. हिमँजिओमा तान्ह्या बाळात झपाट्याने वाढून पुढे आपोआप ओसरतो. शिरांची ही जन्मजात विकृती मात्र तशी जात नाही. तिला स्वतःचे आवरण नसते, त्या शिरा स्नायूच्या तंतूंत शिरलेल्या असतात आणि चेहऱ्याच्या नसेच्या (फेशियल नर्व्ह, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू) शाखा याच स्नायूवरून जातात, म्हणून ती समूळ कापताना रक्तस्राव आणि नसेला इजा हे दोन्ही धोके असतात. स्क्लेरोथेरपीत सोनोग्राफीवर पाहत सुई शिरेच्या पोकळीत नेतात, कॉन्ट्रास्ट (एक्स-रेवर दिसणारे द्रव्य) सोडून रक्त कुठे वाहून जाते ते एक्स-रेच्या पडद्यावर तपासतात, आणि मगच औषध देतात; त्याने शिरेचे अस्तर खराब होऊन ती आक्रसते. सोडियम टेट्राडेसिल किंवा पॉलिडोकॅनॉल बहुधा हवेत घुसळून, फेस करून वापरतात. शुद्ध अल्कोहोल सर्वांत प्रभावी, पण नस आणि त्वचा यांना त्याचाच धोका अधिक. ब्लिओमायसिनने सूज कमी येते, मात्र फुप्फुसांवरील परिणामामुळे त्याच्या आयुष्यभरातील एकूण मात्रेचा हिशेब ठेवावा लागतो. कोणते औषध आणि का, हे अवश्य विचारा.

प्रतिसाद २
मी हा उपचार घेतला आहे. इंजेक्शननंतर गाल आधी चांगलाच सुजला आणि तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, तेव्हा पातळ वरणभात आणि ताक यांवरच भागवले. सूज उतरू लागल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने दातांमध्ये आइस्क्रीमच्या काड्या ठेवून, हळूहळू एकेक वाढवत तोंड उघडण्याचा व्यायाम केला. तो टाळू देऊ नका, नाहीतर जबडा आखडतो.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. गालात बोटाला बारीक कडक खडे लागतात, ते काय असावेत?

प्रतिसाद १
शिरांत रक्त साकळून कॅल्शियम साचले की असे खडे होतात. या विकृतीत ते बऱ्याचदा आढळतात. उपचारापूर्वी डी-डायमरसह (गुठळ्या विरघळताना रक्तात येणारा घटक) रक्त गोठण्याच्या चाचण्या करून घ्या. डॉपलरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) धमनीचा वेगवान प्रवाह दिसला, तर विकृती वेगळ्या प्रकारची ठरते आणि तिथे हा मार्ग चालत नाही. इंजेक्शने बहुधा काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागतात. फुगवटा लहान होणे आणि दुखणे थांबणे, एवढीच अपेक्षा मुलाला आधीपासून सांगून ठेवा. घरी आल्यावर त्वचा काळी पडू लागली, पापणी मिटेनाशी झाली किंवा श्वासाला त्रास झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.