बाप्टिस्ट डीकनचं नेमकं काम काय?

टिपकागद: अमेरिकेच्या दक्षिणेत बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं ‘डीकन’ असलेली माणसं भेटतात. हे पाळकाचे (चर्चच्या धर्मगुरूचे) मदतनीस की चर्चचे विश्वस्त?

गव्हाणी: पगार नाही, प्रवचनाची सक्ती नाही. चर्चची सभासद मंडळी मतदानाने निवडते, मग डोक्यावर हात ठेवून नेमणूक होते. आधार बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ अध्याय ६ चा: विधवांच्या रोजच्या अन्नवाटपासाठी नेमलेले सात जण. पात्रता बायबलमधल्याच १ तीमथ्य ३:८-१३ मध्ये. म्हणजे मूळ काम वाढप्याचंच! तेच कारभारी होऊन बसले की पाळकाशी खटके उडतात.

रानजाई: प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि पेला घेण्याचा विधी) बहुतेक ठिकाणी वाइन नाही, द्राक्षरस. नेहमीच्या तबकात ४० छोटे पेले मावतात. पेला दोन-तृतीयांशच भरावा. तबक रांगेतून हातोहात जाताना सांडतं आणि गालिच्यावरचा डाग निघत नाही. काचेचे पेले लगेच विसळावेत, रस तळाशी वाळतो.

गव्हाणी: दान एकट्याने मोजू नये. दोघं हवेत, तेही एका घरातले नकोत. बेरजेखाली दोघांच्या सह्या. बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षेचा पाण्याचा विधी) पूर्ण बुडवून देतात, म्हणून हौद आदल्या दिवशीच भरायला लावावा, पाणी तापायला वेळ लागतो. पाण्यात उभ्या पाळकाच्या हाती वायरचा माइक मात्र देऊ नये. २००५ साली टेक्सासमधल्या वेको शहरात बाप्तिस्म्याच्या वेळी माइकला हात लावताच पाळकाचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला होता.

टिपकागद: आजाऱ्यांच्या भेटी?

रानजाई: बऱ्याच चर्चमध्ये डीकन कुटुंबं वाटून घेतात. इस्पितळात दहा मिनिटं पुरे. आजाराचं नाव प्रार्थनेच्या यादीत घालण्याआधी घरच्यांना विचारावं. भांडणं तिथेच होतात.